दाजींच्या जीपचा कंडक्टर

आमचे दाजी श्रीपतराव एस्टीत डायव्हर. सगळी नोकरी बारामती-इंदापूर रोडवर काढली. रिटायर झाले आन् जुनी जीप घेऊन काटेवाडीत असे फिरायला लागले, जसा काय रस्ता ह्यांच्याच नावावर हाय.

"मेव्हणीबाई, डोळं झाकून चालवतो मी!"

"त्याचंच तर भ्या वाटतंय, दाजी."

एकदा माझी थोरली भन भागुअक्का, दाजींची बायको, माझ्याकडं मुक्कामाला आली, तवर तिकडं दाजींनी जीप शेजारच्या कडब्याच्या गंजीत घातली. त्यांचा ल्योक संघपाल तापला. "आबा, किल्ली द्या. वय झालं तुमचं."

दाजींचं तोंड असं झालं, जसं ताटातलं मटण कुणी वडून न्हेलं.

"सगळ्या नोकरीत एक ठोकर न्हाय माझी! घे परीक्षा!"

ठरलं. अंथुर्ण्याला लेकीच्या, दिशाच्या घरी जायचं. धक्का न लागता जीप दारात लागली तर किल्ली दाजींची, न्हायतर संघपालची. "आन् आई, तू मागनं काय बोलायचं न्हाय, हात हालवायचा न्हाय." अक्कानं हात पदरात घेतले.

मी बी अक्काशेजारी मागं बसले. जाताना म्हणाल तर लोणी! उसाच्या ट्रॅक्टरला झोकात वळसा, शेरडांना हॉर्न. आरशातनं माझ्याकडं बघून मिशीवर ताव.

"म्होरं बघा वो!" मीच वरडले.

दिशाच्या दारात जीप मागं घ्यायची हुती. दाजींनी गिअर टाकला, मान काय वळवली न्हाय. जीप मागं, आनिक मागं. वाळत घातलेल्या कुरडया गेल्या, कोंबड्यांचा डालगा उडाला, आन् जीप जाऊन बसली उकिरड्यात! डोक्यावर कोंबडी घेऊन मी हसतीया.

"थांबा म्हणून कुणी ठोकलंच न्हाय!" दाजी कडाडले. "एस्टी मागं घेताना कंडक्टर ठोकायचा. दोन ठोके, येऊ द्या. एक ठोका, थांबा. मागं बघणं डायव्हरचं काम हाय व्हय?"

संघपालनं आईकडं बघितलं. "म्हंजे घरी रोज..."

"मी जीपच्या दांडीवर ठोकती म्हणून आपला गोठा अजून हुबा हाय," अक्का म्हणली.

संघपालनं किल्ली काढली आन् सरळ आईच्या हातात दिली.

"कंडक्टरच्या हातात किल्ली? कुठल्या डेपोत चालतं असलं?" दाजींचा जीव वरखाली.

अक्कानं किल्ली कमरेला खोचली. "खाली उतरा, शेण पुसा. मग बघू, जीपनं जायचं का एस्टीनं."

आन् आमच्या वाघानं मुकाट चिंधी मागितली.