बदलापूरच्या तीन खड्ड्यांत अठरा खड्ड्यांचं गोल्फ

लोक लडाखला जातात, हंपीला जातात आणि परत आले की ब्लॉग लिहितात. मी अंबरनाथहून बदलापूरच्या पलीकडे गेलो. स्कूटरवर पाऊण तास, त्यात नाश्त्याचा थांबा धरलेला नाही. तरीही लिहितोय, कारण तुमच्यापैकी कुणाला पोराबाळांना गोल्फला घालायचं मनात असेल तर आधी हे वाचलेलं बरं.

सुरुवात झाली ती पेपरातून पडलेल्या एका गुळगुळीत कागदाने. 'बदलापुरात प्रथमच! व्यावसायिक गोल्फपटूंची भव्य स्पर्धा! सोबत मुलांसाठी गोल्फ संस्कार शिबिर. निवडक दहा मुलांना वर्षभर मोफत प्रशिक्षण.' खाली बावीस मजली टॉवरचं चित्र आणि त्याहून मोठ्या अक्षरांत 'गोल्फ फेसिंग फ्लॅट'. बिल्डरने फ्लॅट आधी विकायला काढले होते आणि गोल्फ नंतर आणलं होतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

मी आनंदनगर एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघतो. गोल्फशी माझा संबंध टीव्हीचं चॅनल बदलताना जेवढा येतो तेवढाच. पण माझी मुलगी तन्वी, अकरा वर्षांची, सहावीत आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानावर धावताना तिला दम्याचा जोराचा झटका आला. डॉक्टर स्वच्छ म्हणाले होते, पंप जवळ ठेवा, औषध चुकवू नका आणि पोरीला खेळू द्या. आम्ही मान डोलावली आणि घरी येऊन शाळेला पत्र लिहिलं, तन्वीला खेळाच्या तासाला बसवून ठेवावे. तेव्हापासून ती मैदानाच्या कडेला इतर मुलींच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसते. हे मला खुपायचं, पण भीती त्याहून मोठी होती. त्यात हा कागद आला आणि डोक्यात ट्यूब पेटली: गोल्फमध्ये कुणी धावतच नाही! सगळे जेवण झाल्यावर शतपावली करावी तसे चालतात. हाच आमचा खेळ.

"गोल्फ?" बायको म्हणाली. मनीषा तिचं नाव. "अहो, आपल्याकडे कॅरम ठेवायला जागा नाही."

शनिवारी दुपारी खरेदी. कागदावर 'टोपी व ग्लोव्ह आणावे' असं लिहिलं होतं. शिवमंदिराजवळून रिक्षा पकडली आणि उल्हासनगर कॅम्प चारला उतरलो. कॅम्प चारमध्ये मिळत नाही अशी वस्तू नाही. मिळाली नाही तर तासाभरात तयार होते. सिंधी दुकानदाराने एका पिशवीतून पांढराशुभ्र ग्लोव्ह काढला. डाव्या हाताचा, एकच.

"दुसरा?" मी विचारलं.

"साई, गोल्फ में एक ही पहनते हैं."

वीस वर्षं या भागात राहतोय, मी असा फसतो काय? "एका हाताचा किती आणि जोडीचा किती, ते सांगा," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे बघितलं, उसासा टाकला आणि वरच्या माळ्यावर आवाज दिला, "अरे, इसका राइट बना दे!" चाळीस मिनिटांत उजव्या हाताचा ग्लोव्ह मशीनवरून गरमागरम खाली आला, वर परदेशी कंपनीचं लेबलही शिवलेलं. जोडी साडेतीनशे रुपये. दुसऱ्या दिवशी मैदानावर खेळाडूंपैकी एकाच्याही दोन्ही हातांत ग्लोव्ह नव्हता. तन्वीने ते बघितलं, उजवा काढला आणि माझ्या खिशात घातला.

रविवारी सकाळी साडेसातला निघालो. तन्वीच्या नाकाला स्कार्फ, कारण वाट एमआयडीसीतून जाते. कुठल्या कारखान्यात आज काय चाललंय ते मी वासावरून सांगू शकतो आणि तसं सांगत होतो. तन्वीने मला गप्प केलं. बदलापूरला मिसळ खाल्ली, सत्तर रुपये, रस्सा मागाल तितका. मग उड्डाणपुलावरून पश्चिमेला उतरायचं, उल्हास नदीचा पूल ओलांडायचा आणि बारवी धरणाच्या रस्त्याला लागायचं. पाटी कुठेही नाही. एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, "गोल्फचं मैदान कुठे?"

"काठीनं गवात मारतान त्येच ना? म्होरं जा, डावीकरं. म्हशी दिसल्या का थांबा."

म्हशी दिसल्या. 'गुरांना सक्त मनाई' असा बोर्ड होता आणि दोन म्हशी त्याच बोर्डाला अंग घासत उभ्या होत्या. आत मात्र खरोखर हिरवंगार होतं. टँकर लावून गवत भिजवत होते. नऊ खड्ड्यांचं मैदान ठरलं होतं, त्यातले तीन तयार झाले होते. व्यावसायिक स्पर्धेला अठरा लागतात. म्हणून प्रत्येक खेळाडूने तेच तीन खड्डे सहा वेळा खेळायचे, असा तोडगा काढला होता. गणिताच्या दृष्टीने त्यात चूक काढता येत नव्हती.

खेळ नऊला सुरू होणार होता. प्रमुख पाहुणे साडेदहाला आले. तोवर चंदीगड, लखनौ, बंगळुरूकडून आलेले सोळा खेळाडू उन्हात रांगेत उभे होते. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि प्रत्येक खेळाडूला शाल व श्रीफळ. सोळा जण एका हातात गोल्फची काठी आणि दुसऱ्या हातात नारळ घेऊन उभे. उद्घाटनाचा नारळ जिथून बॉल मारायचा तिथेच फोडला आणि सगळं पाणी तिथेच सांडलं. पहिला खेळाडू मारताना घसरला तो त्यामुळे. बॉलला कुंकू लावलं होतं, ते पांढऱ्या पँटवर पुसून त्याने पुन्हा मारला.

पाहुण्यांची वाट बघत असतानाच मुलांचं शिबिर उरकलं. फॉर्मवर मुलाचं नाव, वय आणि 'वन बीएचके की टू बीएचके' असा रकाना होता. तो रिकामा सोडला तर टेबलावरच्या बाई फॉर्म घेईनात. मी मनावर दगड ठेवून टू बीएचके लिहिलं. प्रशिक्षक म्हणजे उन्हाने रापलेले, सडपातळ, पन्नाशीचे सर. प्रत्येक मुलाला तीन बॉल. तन्वीचे पहिले दोन फटके बॉलला न लागता हवेतच गेले, तिसरा पाच फूट सरपटला. पण सर तिच्या पायांकडे बघत राहिले आणि वहीत काहीतरी लिहिलं. देवा, घे हिला, असं मी मनात म्हणालो, अगदी याच शब्दांत.

आता खरी स्पर्धा. आयोजनाचं काम गावच्या क्रिकेट मंडळाकडे होतं, कारण या पट्ट्यात स्पर्धा म्हणजे टेनिस बॉलची, मांडव, ढोल आणि माइकवर पिंट्यादादा. पिंट्यादादा हे पंचक्रोशीतले नामांकित समालोचक. गोल्फ आलं म्हणून त्यांनी शैली बदलली नाही.

"आणि लखनौचा हा वाघ काठी उचलतोय... नजर बॉलवर... मंडळी, शांतता राखा! खेळाडूला शांतता लागते! मागचे बसून घ्या! सफेद स्कूटरवाले, गाडी बाजूला घ्या! शांतता म्हणजे काय, तर..."

खेळाडू काठी हवेत धरून थांबलेला. शांततेचं महत्त्व सांगून झाल्यावर त्याने मारला आणि बॉल हवेत असतानाच ढोल सुरू झाला. चौकार की षटकार, यावर माझ्यामागे दोघांची पैज लागली होती.

दुपारी तीनला शेवटची फेरी. गुरमीत नावाचा चंदीगडचा उंच खेळाडू एका फटक्याने पुढे होता. गोल्फमध्ये कमी फटके लागतील तो जिंकतो, हे एव्हाना सगळ्यांना समजलं होतं. आम्ही तिसऱ्या खड्ड्याजवळ, ओढ्याच्या काठावर उभे होतो. गुरमीतने लांबून बॉल मारला. तो टप्पा खाऊन आमच्या दिशेने वेगात सरपटत आला. आणि माझ्या शेजारी उभी असलेली तन्वी शेजारी नव्हती.

ती धावत होती. दोरीखालून वाकून, उतारावरून तिरकी, तीस-चाळीस पावलं. ओढ्याच्या तोंडाशी तिने बॉल एका हाताने अडवला, उचलला आणि थेट खड्ड्याजवळच्या झेंड्याकडे फेकला. फेक झेंड्याच्या काठीला लागली.

"रनआउट!" पिंट्यादादा माइकवर किंचाळले. ढोल, शिट्ट्या, टोप्या हवेत. कुणालाही यात काही चुकलंय असं वाटलं नाही, कारण इथे बॉल प्रेक्षकांत आला की प्रेक्षकाने तो अडवायचा, ही पिढ्यान्पिढ्यांची रीत. फक्त सोळा खेळाडू आणि कोट घातलेले एक पंच पुतळे झाले होते. मी पंप घेऊन तन्वीकडे धावलो. धाप मलाच लागली होती.

पंचांनी नियम सांगितला: प्रेक्षकाने मुद्दाम अडवलेला बॉल, अडवला नसता तर जिथे थांबला असता, तिथून खेळायचा. मग त्या न थांबलेल्या बॉलच्या थांबण्यावर सभा भरली. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, खड्ड्यापासून हातभर. एकाने चप्पल गोल करून उतारावरून सोडून दाखवली. सकाळचे म्हातारे बाबाही पोचले होते. ते म्हणाले, "पाच पिढ्या भात लावला हितं. पानी कुठं जातं त्ये मना इचारा."

शेवटी गुरमीत स्वतः तन्वीसमोर गुडघ्यावर बसला. "बेटा, तू सबसे पास थी. सच बता, बॉल किधर जा रहा था?"

ओढ्यात गेला तर दंडाचा फटका. सगळं मैदान तिला खुणा करत होतं, झेंड्याकडे बोट दाखवत होतं. मलाही वाटलं, म्हण ना बाळा, काठावर थांबला असता. खोटं कशाला बोलू, मलाही तेच हवं होतं.

"नाले में," तन्वी म्हणाली. "इसलिए तो मैं भागी."

गुरमीतने एक मोठा श्वास सोडला, तिच्या टोपीवर टपली मारली आणि दंड घेतला. त्या गडबडीत त्याचा आणखी एक फटका वाया गेला आणि तो एका फटक्याने हरला. पिंट्यादादांनी पहिल्यांदाच माइक खाली ठेवला. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी बक्षीस समारंभाला मागच्या खुर्चीत बसलो.

निवडलेल्या दहा मुलांत तिसरं नाव तन्वीचं होतं. मी उडालोच. सरांना जाऊन भेटलो.

"फटका शिकवता येतो हो," ते म्हणाले. "पण या वयाची मुलं दोन मिनिटं एका जागी उभी राहत नाहीत. तुमची मुलगी काय स्थिर उभी राहते! कुठे शिकली?"

मला उत्तर माहीत होतं. मैदानाच्या कडेला, बाटल्या सांभाळत. पत्र मीच लिहिलं होतं.

परतीच्या वाटेवर बदलापूर स्टेशनजवळ वडापाव खाल्ले. मी खुशीत असल्यासारखं बोलत होतो: दर शनिवारी येऊ, काठी कॅम्प चारमधून बनवून घेऊ. तन्वीने मिरची बाजूला काढली.

"पप्पा, गोल्फ नको."

"अगं, दहांत नंबर लागलाय तुझा!"

"त्यात बॉल पकडू देत नाहीत."

आणि तिने वडापावचा मोठा घास घेतला.

तर ज्यांना मुलांना गोल्फला घालायचंय त्यांनी जरूर जावं. सर चांगले आहेत, पाणी घरून न्या, ग्लोव्ह एकच घ्या आणि टू बीएचकेसाठी रोज फोन येतात त्याची तयारी ठेवा. पण मूल तिथे कशाकडे बघतंय तेही बघा. मी दिवसभर फक्त न धावणाऱ्या लोकांकडे बघत होतो.

सोमवारी कामावरून आलो तर तन्वी घरात नव्हती. खाली बिल्डिंगच्या पोरांत होती. बॅटिंग नको, मला लांब उभं करा, असं तिनेच सांगितलं म्हणे. मनीषा आणि मी खिडकीत उभे होतो. हाक मारायला आमच्या दोघांचीही तोंडं उघडली होती, आणि दोघांनीही ती मिटली.

अर्ध्या तासाने ती वर आली. पंपाचे दोन झोत घेतले, घटाघटा पाणी प्यायली. गुडघा सोलवटून रक्त आलेलं. मनीषाने कपाटातून मलमाची ट्यूब काढली, उजेडात धरली आणि तशीच उभी राहिली. दोन वर्षांत पोरीला एकदाही खरचटलं नव्हतं; ट्यूब न उघडलेली होती आणि तिची मुदत कधीच संपून गेली होती. मनीषाच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं.

"आई, नुसतं पाणी लाव ना," तन्वी म्हणाली, "ओव्हर अजून बाकी आहे."