मुंग्यांच्या पुढची गोष्ट

ही गोष्ट मी निदान शंभर वेळा सांगितली आहे — आणि एकदाही पुरी सांगितलेली नाही. लग्नाघरी, भजनानंतर, माझ्या निवृत्तीच्या चहापानात सुद्धा कुणीतरी म्हणायचंच, "गुरुजीनू, तां मुंग्यांचा सांगा." मी सांगतो. लोक हसतात. मुंग्या आल्या की मी थांबतो, आणि गोष्ट तिथेच संपते असा सगळ्यांचा समज आहे. माझी बायको तोच समज घेऊन गेली.

तुम्हाला मुंग्यांच्या पुढचं सांगतो. पण आधी मुंग्या आल्याच पाहिजेत — मला दुसऱ्या वाटेने तिथे पोचता येत नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. सिंधुदुर्ग म्हणजे तेव्हा नुसता किल्ला. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातलेच. कुणकेश्वरापासून दोन कोसांवरच्या एका प्राथमिक शाळेत मी मास्तर होतो, आणि चित्रकला-हस्तकला माझ्या गळ्यात पडली होती. माझा मावसभाऊ बोटीवर कामाला. एकदा रजेवर आला तो एक छोटा सिनेमाचा कॅमेरा घेऊन. बरोबर दोन कोऱ्या फिल्मा आणि फिल्म बघायचं एक हातयंत्र — आत टॉर्चचा दिवा, बाजूला दांडी. एक डोळा लावायचा नि दांडी फिरवायची. जाताना ते सगळं माझ्याकडे ठेवून गेला. म्हणाला, "तू चित्रांचो मास्तर. तुकाच शोभतला." कॅमेरा कसा चालवायचा तेही त्याने नीट समजावलं — पण जेवताना. पानात तळलेला सरंगा होता. निम्मं मी ऐकलं, निम्मं सरंग्याने नेलं.

ऐकलं त्यातली एकच गोष्ट डोक्यात बसली. चाप एकदा दाबला की एकच चित्र निघतं. मातीची बाहुली ठेवा, एक चित्र घ्या. तिचा पाय जरा पुढे करा, दुसरं घ्या. ती सगळी चित्रं एकामागून एक धावली की बाहुली चालायला लागते. झालं! मी चौथीच्या वर्गाला जाहीर केलं की आपण मातीची माणसं चालवणार. मुख्याध्यापकांना सांगितलं. तपासणीला येणाऱ्या साहेबांच्याही कानावर घातलं. मी स्वतः तोवर एकदाही चाप दाबलेला नव्हता.

आता चालणं शिकवायचं कसं? मी एक खेळ काढला. पोरांनी अंगणात चालायचं. मी टाळी वाजवली की जिथे असतील तिथे थिजायचं. बाकीच्यांनी पाटीवर काढायचं — कुठला पाय पुढे, कुठला हात मागे. तुम्ही सांगू शकाल, उजव्या पायाबरोबर कुठला हात पुढे जातो? मला सांगता येईना. ते आम्हाला चंद्रीने दाखवलं.

चंद्री म्हणजे जानकीची मुलगी. जानकी किनाऱ्यावरून मासे आणून गावात विकायची. रोज शाळेसमोरून जायची — डोक्यावर टोपली, एक हात टोपलीला, दुसरा झुलता. चंद्री डोक्यावर दप्तर ठेवून हुबेहूब तशी चालायची आणि मान न हलवता, भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून मुरडावेत तसे ओठ मुरडायची. वर्ग हसून लोळायचा. टाळी वाजली की अशी थिजायची की वाऱ्याने परकर हलेल, पण ती हलणार नाही. तेव्हाच ठरलं — आमची मातीची बाई म्हणजे जानकी. आणि चाल पुन्हा पुन्हा बघता यावी म्हणून दोनातली एक फिल्म मी पोरांच्या चालण्यावर खर्च केली. सगळ्यात पहिली चंद्री चालली.

तिच्या घरी मी विचारलं नव्हतं. आमच्याकडे जुनी माणसं सांगत, फोटो काढला की आयुष्य कमी होतं. जानकीची सासू तर हे फारच ठासून सांगायची. त्या घरात कुणाचाच फोटो नव्हता.

मग माती. गणपती करणाऱ्याकडून शाडू आणली. ती सुकून तडकायची — बाईचा पाय उचलावा तर हातात यायचा. एका गवंड्याच्या पोराने सांगितलं, चुन्यात गूळ घातला की भिंत शंभर वर्षं टिकते. मग बाई का नाही टिकणार? मला पटलं. आम्ही मातीत गूळ कालवला. बाई झकास टिकली. मधल्या सुट्टीत आम्ही हात धुवून आलो, तर जानकीबाई पायापासून टोपलीपर्यंत मुंग्यांनी काळ्या! पोरं फुंकायला धावली. मी म्हटलं, मुंग्या केवढ्याशा, त्या कुठे दिसणार — चाप दाबत राहा. जवळजवळ हजार चित्रं घेतली आम्ही, आणि त्यातल्या प्रत्येकात मुंग्या. मुख्याध्यापक डोकावून विचारतात, "गुरुजी, ही बाई मासे विकते की मुंग्या?"

इथे लोक हसतात. इथे मी थांबतो.

त्याच आठवड्यातली आणखी एक बारीकशी गोष्ट मी गाळत आलो आहे. फिल्मांचे दोन डबे होते, पत्र्याचे, एकसारखे. आपण आत दिसतो का ते बघायला चंद्रीने एक डबा हळूच उघडला. मी मागून ओरडलो — उजेड शिरला, सगळं जळलं! मी रागावलो नव्हतो हो. नाटक करत होतो. पोरांना आधी घाबरवायचं आणि मग हसवायचं, ही माझी खोडच होती. ती पांढरीफटक पडली. आणि हसवायच्या आत शाळेची घंटा झाली.

दोन्ही फिल्मा टपालाने मुंबईला धुवायला गेल्या. चैत्रात चंद्रीला ताप भरला. विषमज्वर. अठराव्या दिवशी ती गेली.

पार्सल त्यानंतर आठवड्याने आलं.

मी भरदुपारी दार लावून घेतलं आणि यंत्राला डोळा लावला. पहिली फिल्म या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीकुट्ट. दुसरी लावली — आणि मला कळलं मी काय करून बसलो होतो. डब्यांवर खूण केली नव्हती. मातीच्या बाईसाठी म्हणून मी कॅमेऱ्यात भरली ती चंद्रीचीच वापरलेली फिल्म. कोरी तशीच डब्यात राहिली आणि तशीच मुंबईला जाऊन आली. एका फिल्मवर दोन चित्रं बसली होती — एकावर एक.

मातीची जानकी टोपली घेऊन चालत होती आणि तिच्यातून आरपार चंद्री चालत होती. आईची चाल चालत. विरळ, धुक्यासारखी, पण ओठ मुरडलेले स्पष्ट दिसत होते. दोघी एकमेकींत शिरायच्या, बाहेर यायच्या. आणि मुंग्या — त्या चंद्रीच्या अंगावरून, गालावरून, डोळ्यांवरून चालल्या होत्या. मी दांडी थांबवली. ती थांबली. तशीच, टाळी वाजल्यावर थांबायची तशी. मी दांडी फिरवली. ती चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत सांगितलं, फिल्म खराब झाली. काळी फिल्म सगळ्यांना दाखवली. का? माझ्या गाढवपणाचं हसं होईल म्हणून? की मास्तराच्या यंत्राने पोर नेलं असं गाव म्हणेल म्हणून? दोन्ही होतं. पण गाव तसं काही म्हणालं नव्हतं. जानकी तर नव्हतीच म्हणाली.

जानकी चार दिवसांनी माझ्या घरी आली. टोपली पायरीखाली ठेवली, हात पुसले. म्हणाली, "मास्तरांनू, माझा चेडू सांगी होता, माका मास्तरांनी पेटयेत घेतल्यानी. माका एकदा बघूक मेळात?" पेटी म्हणजे कॅमेरा.

मी काळी फिल्म तिच्या हातात दिली. ती तिने आभाळाकडे धरली. किती वेळ बघत होती! इंच इंच पुढे सरकवत बघत होती — शेवटपर्यंत.

मी म्हटलं, उजेड लागला. खरं तर त्या जातीची फिल्म उजेड लागला की धुतल्यावर पांढरी पडते. काळी राहते ती, जिने उजेड पाहिलेलाच नसतो. सरंगा खाताना ऐकलेल्या निम्म्यात हे होतं. मला माहीत होतं.

ती हळूच म्हणाली, "तिना डबो उघडल्यान होतो. घराक येवन रडत होती. त्यामुळाच गेला मा सगळा?"

आता ऐका. इथपर्यंत जे सांगितलं ते मूर्खाचं आणि भित्र्याचं होतं. त्याचीही कधीतरी गंमत करून सांगता आली असती. हे नाही. चंद्रीने उघडला तो डबा रिकामा होता. फिल्म त्या वेळी कॅमेऱ्यात होती. मी ओरडलो तेव्हाच मला ते ठाऊक होतं, म्हणून तर नाटक करत होतो. आणि जानकी हे विचारत होती त्या क्षणी खरी फिल्म माझ्या मागच्या कपाटात होती — चार हातांवर.

मी म्हणालो, "असेल."

एकच शब्द. जानकीने मान हलवली. म्हणाली, "लहान होती, मास्तरांनू. तिका समाजला नाय. मनात धरू नकात." आपल्या गेलेल्या मुलीच्या वतीने तिने माझी क्षमा मागितली, आणि मी ती मागू दिली.

दुसऱ्या सकाळी पायरीवर केळीच्या पानात सहा बांगडे होते. ताजे, डोळे चकचकीत. नुकसानीबद्दल. बायकोने त्यांचं तिखलं केलं. मी दोनदा मागून घेतलं.

जानकी त्यानंतर वीस वर्षं जगली. रोज शाळेसमोरून जायची — टोपली, एक हात वर, एक हात झुलता — आणि मी फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो. त्या वीस वर्षांतली निदान दहा वर्षं फिल्म चांगली होती. यंत्रही चालत होतं. टॉर्चचे सेल बाजारात मिळत होते. तिचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. वर्षातून एकदा मी दार लावून बघायचो. मी बघायचो, तिला नाही दाखवलं. मग खाऱ्या हवेने बुरशी धरली. आधी माती गेली, मग टोपली, मग चंद्रीचा चेहरा. मुंग्या मात्र शेवटपर्यंत दिसत होत्या. की ते बुरशीचे ठिपके होते? मला ओळखता येईनासं झालं.

आजही कुणी टाळी वाजवली की मी जागच्या जागी थांबतो. लोकांना वाटतं, म्हातारा गंमत करतोय.

जानकी आता नाही. जे तिला त्या पायरीवर सांगायचं होतं ते तुम्हाला सांगतो आहे: चंद्रीने काहीही बिघडवलं नव्हतं.