सासूच्या ओठातला गळ

मी भित्रा आहे हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. पाल पडली तर मी पलंगावर असतो, वीज कडाडली तर पलंगाखाली. पण या सगळ्या किरकोळ भीत्या. खरी भीती मला एकदाच भेटली, वीसेक वर्षांपूर्वी, वैशाखातल्या भर दुपारी, आणि पुढचे पाच दिवस ती माझ्या पोटातच राहायला होती.

आमचं घराणं मूळचं गुजरातकडचं. तापीकाठच्या या गावात येऊन कापूस आणि केळी लावू लागलो त्याला किती पिढ्या झाल्या, कुणाला आठवत नाही. पण मासा आमच्याकडे फक्त नदीत बघायचा. अशा घरात जन्मून मला गळाचा नाद लागला. तळोद्याला रस्त्याच्या कामावर मी दोन वर्षं कारकून होतो. तिथल्या इंजिनेर साहेबाला दर रविवारी नदी लागे, आणि पिशवी धरायला मी. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, आणि हातातली दोरी एकाएकी जिवंत होते. त्या एका क्षणाने मला धरलं ते धरलंच.

साहेब कुठल्याही पाण्यावर गेला की आधी त्या गावच्या राखणदार जागल्याला बोलावून विचारी: इथे गळ चालतो का, कधीपर्यंत चालतो? मला हसू येई. एवढा मोठा साहेब, आणि विचारतो कुणाला! बदली झाली तेव्हा त्याने आपली जुनी छडी, तिची दोरी गुंडाळायची फिरकी आणि डबीभर विलायती गळ मला देऊन टाकले. सगळं घेतलं मी. विचारायची सवय तेवढी घेतली नाही.

आमच्या गावाखाली तापीचा मोठा डोह आहे. उन्हाळ्यात नदी आटून तिचे तुकडे पडतात, तेव्हा आसपासचे सगळे मासे त्या डोहात येऊन जीव धरतात. म्हणून गावाचा जुना नियम होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जागल्याने काठावर लाल चिंधी बांधलेला बांबू रोवायचा आणि पोळा होईपर्यंत डोहात जाळं नाही, गळ नाही. पुराच्या पाण्यात मासे अंडी घालायला वर चढतात, त्यांची पिल्लं मोठी होईतो थांबायचं. ज्यांचं पोटच माशावर, ते काठावरचे लोकसुद्धा हा नियम पाळत. तशा अर्थाचा एक सरकारी कागदही चावडीवर चिकटवलेला असे.

तो मी वाचला होता, आणि वाचून स्वतःला त्यातून वगळलं होतं. मी मासा खात नाही, विकत नाही. पकडतो, बघतो, सोडून देतो. मग हा नियम माझ्यासाठी कसा असेल? असलं शहाणपण मासा न खाणाऱ्यालाच सुचू शकतं.

तर आखाजीनंतर चौथ्या दिवशी, सगळा गाव जेवून आडवा झालेला असताना, मी निघालो. छडी कुणाला दिसू नये म्हणून ती पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, मोळीत खुपसली आणि मोळी डोक्यावर घेतली. चांगल्या घरचा माणूस डोक्यावर सरपण घेऊन उन्हात चालला आहे, हे दृश्य छडीपेक्षा जास्त डोळ्यांत भरेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. कमरेला कणकेचा गोळा होता, बायकोने सकाळी मळलेल्या कणकेतून चोरलेला.

कणीकच का, तेही सांगायला हवं. माझे वडील गावाच्या पंचांपैकी एक. दर एकादशीला ते डोहावर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या टाकत. त्यामुळे डोहातले मासे कणकेला भीत नसत. त्यांत एक अवाढव्य मासोळी होती, रुपयाएवढ्या खवल्यांची. ती सगळ्यांच्या शेवटी येई आणि सगळ्यांना बाजूला सारून खाई, म्हणून गाव तिला सासू म्हणे.

मी गोळी टाकली आणि सासूच आली. अगदी सावकाश, घरच्यासारखी. तिने गोळी तोंडात घेतली, आणि दुसऱ्या क्षणी फिरकी किंचाळायला लागली. दोरी सोडायची का ओढायची ते न कळून मी दोन्ही करत होतो. पाय वाळूवरून घसरले आणि मी कमरेपर्यंत पाण्यात. तेव्हा आठवलं की मागच्याच उन्हाळ्यात या डोहाने म्हशीचं एक पारडू गिळलं होतं, आणि गाव म्हणालं होतं, मगर. माझ्या पोटरीला काहीतरी घासून गेलं. लव्हाळंच असणार, पण ओरडायला मी तोंड उघडलं ते पुन्हा मिटलं, कारण ओरडलो तर लोक येतील! मगरीपेक्षा मला माणसांचं भय जास्त वाटलं, यावरून काय ते समजा.

छडीचं टोक काडकन मोडलं, दोरी तुटली. पाणी पुन्हा गुळगुळीत झालं. सासू माझा गळ ओठात घेऊन खाली गेली होती, मागे दोन हात दोरी लोंबत. पकडून सोडून द्यायचं म्हणत होतो. पकडलीही नाही आणि सुटलीही नाही.

घरी आलो तेव्हा बायको ओट्यावर धान्य पाखडत होती. माझ्या ओल्या धोतराकडे तिने एकदा पाहिलं, मोळीकडे एकदा.

"पऱ्हाटी शेतमाईन घर आनतस," ती म्हणाली. "घरमाईन नदीवर कोन लई जास?"

मी मोळी परसात टाकायला वळलो.

"खावानं नई, इकानं नई; मंग त्या मुक्या जीवले टोचाना कसाले?"

पुढचे चार दिवस मला जेवण गेलं नाही. दारात कुणाची वहाण वाजली की मी कोठीघरात शिरे. एकादशीला वडील सकाळीच डोहावरून परत आले. वहाणा काढतानाच म्हणाले, "सासूना तोंडले दोरी शे. गोळी लेवाले उनी अन् तशीच फिरी गई."

गावात बोलायला वेळ लागत नाही. डोहावर दिवसभर बसतो कोण? जागल्या. त्याच्या घरात मासा शिजतो का? शिजतो. झालं. उद्या सकाळी डोहावर गाव जमायचं, आणि कुणी कबूल झालं नाही तर जागल्याचं काम दुसऱ्याला द्यायचं, असं ठरलं. काम गेलं म्हणजे सुगीला घराघरांतून मिळणारं धान्य गेलं, आणि त्या म्हाताऱ्याला ढेकळं फोडायला कोण बोलावणार?

त्याच संध्याकाळी जागल्या आमच्या ओट्याशी आला. मी खांबामागे सरकलो. तो माझ्याकडेच आला होता.

"भाऊ, तुम्ही शिकेल शेतस. मन्हाकरता एक अर्ज लिखी द्या."

"कसाना अर्ज, बाबा?"

"कचेरीले. लिखा, चाळीस वरीसफाईन हाऊ डोह राखी ऱ्हायनू. गळ मी नई टाका."

मी दौत आणली. पहिल्याच ओळीवर शाई सांडली. दुसरा कागद घेतला. 'अर्जदार निरपराध असून सदर गळ कोणा अज्ञात इसमाने टाकला असावा' असं मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं. अज्ञात इसमाला घाम फुटला होता.

"काय लिखं, वाची दखाडा," तो म्हणाला.

वाचून दाखवलं. त्याने मान हलवली. "तो जो कोनी शे," तो सावकाश म्हणाला, "त्याले झोप येत नई व्हई." त्याने माझ्याकडे पाहिलं का, ते मला ठाऊक नाही, मी कागदावरून डोळे वर केलेच नाहीत. त्याने त्यावर अंगठा उठवला आणि कागदाची घडी मुंडाशात खोवून तो गेला.

सकाळी डोहावर सगळे पुरुष जमले. आमच्याकडे मोठी शपथ त्या पाण्यात उभं राहून घेतात. खोटं बोलणाऱ्याला डोह ठेवून घेतो, असं मानतात. जागल्या सगळ्यांच्या आधी पाण्यात शिरला. गुडघे, कंबर, छाती. तिथे थांबून तो वळला.

"मी गळ टाका नई. ज्यानी टाका तो बोलस नई तवलोंग मी भाईर येत नई."

कुणीतरी मागून म्हणालं, "नाटक शे!" कुणीतरी हसलं. ऊन चढायला लागलं. म्हातारा तसाच उभा. थोड्या वेळाने त्याची हनुवटी थरथरायला लागली, थंडीने की कशाने, आणि पायाखालचा दगड निसटून तो मुंडाशासकट एकदा पाण्याखाली जाऊन वर आला. माझ्या डोळ्यांपुढे ते पारडू आलं. मला पळायचं होतं. पाय हलले, पण पुढे हलले.

"मी टाका," मी म्हणालो. आवाज माझा मलाच आला नाही.

"मी टाका. गळ मी टाका."

वडिलांना कमी ऐकू येई. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हनस तो?"

माणसाने आयुष्यात एकदा धीर गोळा करावा, तर तो तीनदा करायला लागावा! मी ओरडलो, "बा, गळ मी टाका व्हता!" पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

मला वाटलं होतं, वडील मारतील. त्यांनी फक्त विचारलं, "गळले काय लावं व्हतं?"

"कणीक."

"आपला घरनी?"

"हां."

ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग वळून घराकडे चालू लागले. तेवढ्या दोन प्रश्नांनी मला जे झालं ते कुणाच्या काठीने झालं नसतं.

दोघांनी जागल्याला हात देऊन बाहेर काढलं. मुंडाशातला अर्ज भिजून त्याची शाई त्याच्या कपाळावरून ओघळत होती. माझं सुंदर अक्षर. शिक्षा काय द्यायची ते पंचांनी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "पोळा व्हस तवलोंग मन्हासंगे बसाडा त्याले. अन् ती छडी आना."

मोडकी छडी आणली. त्याने बांबू उपटला, छडी रोवली आणि तिला लाल चिंधी बांधली. ती दुरून कुणालाही दिसे. पोळ्यापर्यंत रोज दुपारी मी तिच्याखाली बसलो. कुठल्या पाण्यात कधी काय चालतं, हे त्या दिवसांत मी म्हाताऱ्याला विचारत गेलो, आणि साहेबाला जागल्याला विचारायची लाज का वाटत नसे तेही कळलं.

ज्येष्ठातल्या एकादशीला सासू वर आली तेव्हा दोरी नव्हती. गळ पडला की ओठातच राहिला, कुणाला कळलं नाही. वडिलांबरोबर मीही काठावर उभा होतो. ती जवळ आली, थबकली, आणि पाण्यात नुसती सावली होऊन राहिली.

वडील हातातली गोळी तशीच धरून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू जरा मांगे सरक. ती तुले वळखस."

मी मागे सरकलो.