पासावरचा रस्ता

माझा थोरला भाऊ स्वतःच्या एकुलत्या एका ट्रकमधून कारखान्यातली बीअर दुसऱ्या जिल्ह्यातल्या गोदामाकडे नेत असे. अबकारी खात्याच्या पासावर मालाबरोबर रस्ताही लिहिलेला असतो. श्रावणी सोमवारी उज्जैनमध्ये महाकालाच्या सवारीसाठी, म्हणजे पालखीच्या मिरवणुकीसाठी, तो रस्ता बंद झाला आणि पोलिसांनीच ट्रक देवास गेटकडे वळवला. तिथे अबकारी अधिकाऱ्याने तो जप्त केला.

मी उज्जैनमध्येच राहते; अबकारी कचेरीच्या आवारात पोचले तेव्हा दमट उकाड्यात काही बाटल्या फुटल्या होत्या. आवारभर आंबलेल्या सातूचा कडवट, ओला वास दाटला होता.

"रास्ता बदला, तो माल अवैध," अधिकारी म्हणाला.

"साहब, पुलिस ने ही मोड़ा," दादा म्हणाला.

"तो उन्हीं से लिखवा लाते, भैया."

त्याच्या कपाळावर सवारीतला गुलाल अजून ओलसर होता. ज्या देवासाठी रस्ता अडवला, त्याचेच दर्शन घेऊन आलेला हा माणूस माझ्या भावाला चोर ठरवत होता.

"आप दर्शन को कौनसे रास्ते से गए थे?" मी विचारले.

"दीदी, कानून मत सिखाइए."

ट्रक अजूनही त्याच आवारात गंजतो आहे. सवारीचे ढोल ऐकू आले की मी खिडकी लावून घेते.