हरणाचं तोंड

माझ्या भावाच्या मुलीनं वयाच्या नवव्या वर्षापर्यंत शेकड्यांनी हरणं पाहिली होती, पण सगळी पाठमोरी. पिंपळगाव रेणुकाईला भावाचं शेत आहे. हरभरा फुलावर आला की पहाटे हरणांचे आणि रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप उतरायचे, आणि त्यांना पळवून लावायचं काम तिच्याकडे होतं. शाळेच्या आधी ती शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढायची, दोन्ही हात तोंडाभोवती धरायची आणि 'हाऽऽ हुर्रर्र' अशी आरोळी ठोकायची. ती आरोळी आजूबाजूच्या तीन शेतांना पुरायची, त्यामुळे शेजाऱ्यांनी आपले पत्र्याचे डबे वाजवणं केव्हाच सोडून दिलं होतं.

मी भोकरदनला शाळेत शिकवत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मुलाला जंगल दाखवायचं ठरलं, आणि ऐनवेळी नवऱ्याला रजा मिळाली नाही. रिकाम्या जागेवर भाचीला न्यावं म्हणून मी भावाकडे गेले. तो गोठ्यात होता.

"आक्का, इथं रोही हाकलून हाकलून आमचा घसा बसला," तो म्हणाला, "आन् तू तेच पाह्यला एवढा खर्चा करून जाऊन राह्यली?"

"तिथं वाघ असतो."

"मंग त्यालाच इकडं धाड. आमचं बी काम व्हईन."

भाचीनं वाघाची चौकशीसुद्धा केली नाही. तिनं मला कडब्याच्या गंजीमागं ओढत नेलं. "आत्या, तिथं हरणाला कोणी हाकलत न्हाई ना?"

"नाही."

"मंग ते आपल्याकडं तोंड करून उभं राहतं?"

"राहत असेल."

"मला त्याचं तोंड पाह्यचंय. आजवर नुस्तं ढुंगणच पाह्यलं."

जाफराबाद, चिखली, खामगाव असं करत, एसटी बदलत आम्ही निघालो. अकोटला केलेली जीप पुढं सातपुड्याच्या घाटात शिरली आणि आमच्याकडचं उघडंबोडकं आभाळ सागाच्या पानांमागं गेलं. उजेड हिरवा झाला होता, विहिरीत डोकावल्यावर तळाशी दिसतो तसा. त्या दिवसांतलं बरंचसं मला आता झोपेत पाहिल्यासारखं आठवतं: वाट वळते, पुन्हा वळते, कुठंतरी पाणी वाजतं पण दिसत नाही, आणि माझ्या दोन्ही बाजूंना दोन गरम, पेंगुळलेली डोकी.

लॉज जंगलाच्या कडेला होतं. लाकडी खांबांवर उभ्या केलेल्या खोल्या, भिंतीवर गव्याची शिंगं, आणि मखमली कव्हराची एक अभिप्राय वही, जिच्यात आजवर कुणीही नाराज झालेलं नव्हतं. झाडावर एक मचाणही बांधलं होतं. "हा त् माळाच हे," भाची म्हणाली, आणि हौसेनं वर चढणाऱ्या माणसांकडे तिनं फार सहानुभूतीनं पाहिलं. मॅनेजरनं सगळ्या पाहुण्यांना जमवून जंगलातल्या शांततेचं महत्त्व सांगितलं. ते सांगायला त्याला पाऊण तास आणि एक मायक्रोफोन लागला.

दुपारच्या फेरीला आमच्या जीपमध्ये एक निवृत्त साहेब होते. त्यांच्या जाकिटाला इतके खिसे होते की चष्मा कुठल्या खिशात आहे हे शोधण्यातच पहिले दोन मैल गेले. जंगलाला ते 'आपलं जंगल' म्हणत, आणि आमचा गाइड, जो तिथंच जन्मला होता, तोही मान डोलवत होता.

ऊन कलल्यावर जीप एका कुरणाशी थांबली. गाइडनं बोट ओठांवर ठेवलं. उंच, ओल्या गवतात चितळांचा कळप चरत होता, तीस-चाळीस तरी असतील. वारा आला की गवत वाकायचं आणि त्यांच्या पाठींवरचे ठिपके पाण्यावर तरंगल्यासारखे वर यायचे, मग पुन्हा बुडायचे. कळप आमच्याकडे पाठ करून होता. भाचीनं माझा हात घट्ट धरला. कडेची एक मादी थांबली, तिचे कान हलले, मान हळूहळू आमच्या बाजूला वळू लागली.

तेवढ्यात कळपातली दोन चितळं चरत चरत कुरणाच्या कोपऱ्यातल्या एका पट्ट्यात शिरली. तिथलं गवत कोवळं, हिरवंगार, अगदी गुडघ्याएवढ्या गव्हासारखं होतं.

"हाऽऽ हुर्रर्र!"

भाची सीटवर उभी होती आणि तिचे दोन्ही हात तोंडाशी होते. कुरण रिकामं झालं. दूरवर कुठंतरी मोरही उडाले. साहेबांचा कॅमेरा मांडीवरून खाली पडला. माझ्या मुलानं डोकं गुडघ्यांत घातलं.

"अगं, काय केलंस!" मी म्हणाले.

ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती. "मी न्हाई केलं, आत्या. आपोआप झालं. ते पिकात चालले होते."

"पीक? इथं पीक कुठंय?" साहेब म्हणाले. "अशा मुलांना आणताच कशाला?"

गाइड मात्र तोंड फिरवून हसत होता. "बेटी, आवाज बढ़िया है," तो हळूच म्हणाला.

संध्याकाळी मॅनेजर आमच्या खोलीशी आला. या वेळी मायक्रोफोन नव्हता. "मॅडम, उद्या सकाळच्या जीपमध्ये ती असायला इतर पाहुण्यांची हरकत आहे. मुलीला ठेवून या, तुम्ही नि मुलगा चला."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला निघायचं होतं. ती एकच फेरी उरली होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "मी तोंडात रुमाल कोंबून बसते," ती त्याला म्हणाली. "बिलकुल न्हाई वरडणार." मॅनेजरनं नकारार्थी मान हलवली. त्यालाही ते आवडलं नसावं. जाताना तो उगाचच दिव्याची काच पुसून गेला.

माझ्या मुलाला मी गाइडच्या हवाली करून पहाटे जीपमध्ये बसवलं. (त्यांना त्या फेरीत अस्वलाची विष्ठा दिसली. साहेबांनी तिचे पाच फोटो काढले, असं तो नंतर सांगत होता.) भाची पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. रडत नव्हती. मी तिला म्हटलं, "चल, चहा तरी घेऊ."

स्वयंपाकघराच्या मागं दोन दगडी पायऱ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर पंधरा-वीस पावलांवर एक आवळ्याचं झाड. पुढं सगळं धुकं. धुक्यात झाडांचे बुंधे उभे होते, पण त्यांना मुळं नव्हती आणि शेंडेही नव्हते. आम्ही एका शालीत बसलो. आत कुणीतरी चूल फुंकत होतं. आवळ्यावर वानरं आली, चार-पाच तरी. एक चावा घ्यायची आणि बाकीचं टाकून द्यायची. आवळे ओल्या पाल्यावर पडत राहिले. टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप, टप. त्या आवाजानं मला डुलकी लागली असावी, कारण चितळं कधी आली ते मी पाहिलंच नाही. डोळे उघडले तेव्हा ती होती, इतकंच. धुकंच जरा घट्ट होऊन चार पायांवर उभं राहिलं होतं.

पडलेले आवळे वेचत ती झाडाखाली आली. भाचीनं शालीचं टोक तोंडात कोंबलं होतं. तिचा गळा हलताना मला दिसत होता. आतून आरोळी वर येत असावी आणि भाची ती गिळत असावी.

एका मादीनं मान वर केली आणि थेट आमच्याकडे पाहिलं.

काळं ओलं नाक. हनुवटीखाली पांढरं, जणू नुकतंच दुधात तोंड घालून आलेलं. लांब पापण्या, त्यांवर दवाचा बारीक चुरा. आणि तोंडातला आवळा या गालातून त्या गालात, आमच्या गोठ्यातली गाय घास फिरवते तसा, सावकाश. आवळा आंबट लागला तेव्हा तिनं एक डोळा बारीक केला.

भाचीनं तोंडातली शाल काढली. मी तिचा दंड धरला, पण तिनं फक्त माझ्या कानाशी तोंड आणलं.

"आत्या, हिला ठावं न्हाई का, आपण कोण ते?"

"नाही."

मादी चघळत होती, आमच्याकडे बघत होती.

"सांगू नको मंग," भाची म्हणाली.