सूर्याशी वाद घालणारे मामा

सूर्याला खोटं पाडायची हिंमत अख्ख्या परळीत फक्त माझ्या मामांमध्ये होती. औष्णिक वीज केंद्रात बॉयलरपुढे सगळी नोकरी गेलेली, त्यामुळे आग या विषयात आपल्याला कुणी शिकवू नये असा त्यांचा बाणा. रोज सकाळी तुळशीवरची राख पुसताना "आमच्याच भट्टीची हाय," असं नातवाचं कौतुक करावं तसं सांगायचे. अशा माणसाची लेक शालू अमेरिकेत सूर्याचा अभ्यास करते. रॉकेटच्या टोकात दुर्बीण बसवून वर सोडायची, पाच-सहा मिनिटांत सूर्याभोवतीचं प्रभामंडल मोजून घ्यायचं आणि दुर्बीण पॅराशूटनं खाली उतरवायची, हे तिचं काम. एकदा फोनवर ती सांगून बसली, की सूर्याच्या अंगापेक्षा ते भोवतालचं वलयच कितीतरी पटींनी तापलेलं असतं, आणि ते का, हे अजून कुणाला नीट उमगलेलं नाही. मामा उखडलेच. "भट्टीपासून लांब गेल्यावर जास्त भाजतं व्हय? येडी का खुळी तू?"

तेव्हापासून मामा भेटेल त्याची परीक्षा घेऊ लागले. शेकोटीला बसलेल्यांच्या खुर्च्या मागं ओढून "आता सांग, जास्त लागतंय का?" विचारायचे. एका लग्नात तर त्यांनी होमापुढच्या भटजींनाच मागं सरकवलं. भटजींनी मंत्र थांबवून "कमीच लागतंय हो," अशी साक्ष दिली, ती मांडवातूनच शालूला कळवण्यात आली.

गेल्या हिवाळ्यात मामांनी अंथरूण धरलं आणि डॉक्टरांनी हात टेकले. मामी आधीच गेलेल्या, म्हणून उशाशी मी. तिकडे शालूच्या रॉकेटचं उड्डाण वाऱ्यापायी सारखं पुढं ढकललं जात होतं. तिला कळवायला मी फोन उचलला, तर मामांनी मनगट धरलं. "पाच मिन्टासाठी पोरीनं इतकी वर्षं घातली. माझ्यापायी ती कशाला घालवायची? माझी शपथ हाय तुला."

अखेर रॉकेट उडालं. शालूचा फोन आला, "आण्णा, सगळं नीट मोजलं! दुर्बीण पण परत मिळाली. आता मी येते अन् तुमाला समजून सांगते."

"ये. पर मला पटलंय बाई," मामा म्हणाले. फोन ठेवल्यावर भिंतीकडं तोंड करून पुटपुटले, "खरंच हाय तिचं. लांब गेलं की लईच भाजतं." मला तिथं बसवेना.

शालू पोचली तेव्हा आम्ही राख सावडून नुकतेच आलो होतो. बॅग हातातच धरून तिनं विचारलं, "आण्णांना खरंच पटलं होतं का रे?" मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तिनं बॅग तिथंच खाली ठेवली. मग अंगणात गेली आणि ओढणीनं तुळशीची पानं पुसू लागली.