आईसाठी थांबणारी क्लिप

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी चहाच्या निमित्तानं उठून जाणारा माणूस. कोडिंगवर पोट भरतो... मशीन सांगितलं तेवढंच करतं, चुकतो ते आपण, हा माझा धर्म. तरी हे लिहितोय, कारण घरात कुणाला याचं नवलच वाटत नाही!

आम्ही डोंगरकडा गावचे. गेल्या वर्षी आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, पण मूठ उघडेना. साधा अंबाडा घालायला सुनेपुढं डोकं धरून बसावं लागतं, हे तिच्या मनाला फार लागायचं. दवाखान्यानं दिलेला व्यायामाचा व्हिडिओ तिनं लवकरच सोडून दिला. "ती बाई पळते रे. मी मागंच राहते."

मग माझ्या बायकोनं, सुनीतानं, कॉम्प्युटरवर लुगड्यातल्या एका बाईचं हलतं चित्र काढलं. मूठ मिटते, हळूहळू उघडते. ॲनिमेशनची क्लिप वेगळ्या फाईलमध्ये होती. ती मोबाईलवर चालवायला मी एक छोटं ॲप केलं, त्यात स्वतःचा क्लास, म्हणजे कोडचा एक तुकडा, लिहिला — चालव, संपली की पुन्हा पहिल्यापासून. बस्स. मध्येच थांबायची सोय मी ठेवलीच नव्हती.

सकाळी आई ओसरीत मोबाईल घेऊन बसली. बाईची मूठ अर्धी उघडली आणि... क्लिप अडकली. मी वैतागून उठलो, तेवढ्यात आईची बोटं जराशी सुटली. त्याच क्षणी बाईचीही पुढं सरकली.

कॅमेरा आईचा हात बघत असेल? ॲपला तर कॅमेऱ्याची परवानगीच नाही. मी एकटा बसलो तर क्लिप सरळ चालली. सुनीता बसली, तरी सरळ. आई बसली की अडकायची — मोबाईल बदलला तरी! अख्खा क्लास पुन्हा लिहिला, तरी तेच. आई मात्र खुशीत.

"काहून मोडतोड करून राहिला? लय गुणाची हाय ती. माझी वाट पाहते."

आणि ती रोज बसू लागली. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी तिनं आपल्या हातानं अंबाडा घातला. वाकडा होता, पण आम्ही दोघं येड्यासारखे रडलो.

क्लिप का अडकते, याचं कारण मला आजही सापडलेलं नाही. खरं सांगू? शोधायचंच सोडून दिलंय. घरात सगळे मजेत आहेत.

परवा आईची मूठ क्लिपच्या आधीच पूर्ण उघडली. स्क्रीनवरची बाई अजून अर्ध्यावर होती. आई हात तसाच उघडा धरून बसून राहिली.

"झालं की आई, पुढचं कर," मी म्हणालो.

"थांब ना," ती म्हणाली, "तिला येऊ दे."